हातावरचं मीठ

स्वयंपाकघरात, वरच्या फळीवर, पापडांच्या डब्यामागे एक पारदर्शक पिशवी ठेवली होती. विमानात क्रीम-तेलाच्या बाटल्या न्यायला घेतलेल्या पिशव्यांमधली उरलेली. तिच्यात मूठभर मीठ होतं. पांढरंशुभ्र म्हणावं असं नाही. करडं, मध्येच गुलाबी झाक मारणारं, आणि पिशवीच्या तळाशी मातीचे बारीक कण जमलेले.

परत येऊन महिना होत आला होता. जावांची चॉकलेटं पोचली, भावाच्या सुनेची पर्स पोचली, सोसायटीच्या सेक्रेटरींना फ्रिजवर लावायचं चुंबकही पोचलं. कामं यादीत लिहायची आणि झालं की रेघ मारायची ही माझी जुनी सवय, त्यामुळे राहिलेलं काम मला डोळ्यांत गेलेल्या कणासारखं खुपतं. आईचं मीठ तेवढं पोचलं नव्हतं. आणि आई काही परगावी नसते. पलीकडच्याच खोलीत, बाल्कनीच्या दाराशी चटई टाकून बसलेली असते.

"बाय, त्या मिठाचं काय झालं गो?" ती दर चार-आठ दिवसांनी विचारायची.

"अजून ती बॅग नीट उघडली नाही गं."

माझी बॅग आल्या दिवशी रिकामी होऊन, पुसून, माळ्यावर जाते, हे आईला पन्नास वर्षं माहीत आहे. पण ती वाद घालायची नाही. "उघर मंग कवातरी," म्हणायची आणि खाडीकडे बघत राहायची. आमच्या डोंबिवलीच्या घरातून उल्हासची खाडी दिसते. आईची खाडी ती नव्हे. आईची खाडी ठाण्याची. पण भरतीचं पाणी चढलं आणि वारा इकडचा असला की वास तोच येतो, आणि मग ती दार पूर्ण उघडून बसते. मच्छर आले तरी.

तो वास कसा सांगायचा? तिवरांच्या मुळांशी कुजलेली पानं, चिखल, उन्हात तापलेलं खारं पाणी, आणि कुठून तरी सडक्या अंड्याची एक बारीकशी रेघ. आमच्या बिल्डिंगमधले लोक खिडक्या लावून घेतात. माझ्या नाकाला तो वास आला की मी सात वर्षांची होते.

आमचं मिठागर होतं. आम्ही नुसतं आगर म्हणायचो. आमचं म्हणजे मालकीचं किती आणि राबण्याचं किती, ते मला तेव्हा कळत नव्हतं आणि आता विचारायला बाबा नाहीत. दिवाळी सरली की खाडीचं पाणी उघाडीतून आत घ्यायचं. उघाडी म्हणजे बांधातलं लाकडी दार. ते वर ओढलं की पाणी पहिल्यांदा घुटमळायचं, मग एकदम आत शिरायचं, आणि त्याच्याबरोबर निवट्या, बारकी कोळंबी, कधी एखादी चिंबोरी. आम्हा पोरांची तिथे झुंबड. मोठ्यांचं लक्ष पाण्याकडे, आमचं पाण्यातल्या जीवांकडे.

मग ते पाणी बांधांनी पाडलेल्या चौकोनी वाफ्यांत, या वाफ्यातून त्या वाफ्यात, त्यातून पुढच्यात, असं हलवत न्यायचं. थंडीभर तेच चालायचं. रिकाम्या वाफ्यांचा तळ बायका-पुरुष पायांनी मळून चोपून घट्ट करायचे, एका रांगेत, एका तालात, टाचा दाबत. आईच्या टाचांना त्या दिवसांत अशा चिरा पडायच्या की त्यांत तांदळाचा दाणा मावेल. रात्री ती त्यांत मेण वितळवून भरायची आणि आम्हांला म्हणायची, बघा, माझ्या पायाला पन दिवाली.

पाणी दाट होत जाताना रंग बदलायचं. आधी हिरवट, मग तांबूस, मग एखाद्या सकाळी सगळा वाफा गुलाबी. आणि त्यानंतरच्या सकाळी काठावर साय धरल्यासारखी एक पांढरी रेघ. "परलं," बाबा हळूच म्हणायचे, म्हणजे मीठ धरलं. मोठ्याने म्हटलं तर जणू ते परत विरघळेल.

पहिलं मीठ ओढायचा दिवस सणाचा. लांब दांड्याची फळी वाफ्यातून ओढली की खड्यांचा आवाज यायचा, पुष्कळशा काचेच्या बांगड्या एकमेकींवर घासाव्यात तसा. बांधावर नारळ फुटायचा. मग पहिलं मीठ सगळ्यांनी चाखायचं, अगदी कडेवरच्या पोरानेसुद्धा. ते कडू असायचं. खारट तर असायचंच, पण मागून जिभेच्या बुडाशी कडू. तरी चाखलं की म्हणायचं, "गोड हाय." प्रत्येकाने म्हणायचं. कडू आहे म्हणायची सोय नव्हती. एकदा माझ्या धाकट्या भावाने तोंड वेडंवाकडं करून थुंकलं, तेव्हा बाबांनी त्याला परत चाखवलं, आणि तो रडत रडत "गोड हाय, गोड हाय" म्हणाला, आणि सगळं आगर हसलं.

आगर गेलं त्याला आता पुष्कळ वर्षं झाली. तिथे काय उभं आहे ते मी पाहिलेलं आहे, पण त्याबद्दल मला काही लिहायचं नाही.

आमची मुलगी मानसी ह्यूस्टनला असते. यंदा हिवाळ्यात तिने आम्हा दोघांना बोलावलं आणि न विचारता तिघांची क्रूझची तिकिटं काढली. मोठी बोट, समुद्रावर काही दिवस, मध्ये मेक्सिकोतल्या प्रोग्रेसो नावाच्या बंदरात एक मुक्काम. सकाळी उतरायचं, संध्याकाळी परत चढायचं. मी लगेच त्या गावाची माहिती काढायला बसले. कुठे जायचं ठरलं की तिथला बाजार, देऊळ, स्वच्छतागृह आणि परतीचं वाहन एवढं मला आधी कळावं लागतं. नकाशा मोठा करत गेले तर गावाच्या पाठीमागे खाजण दिसलं. तिवरं, उथळ पाणी, आणि किनाऱ्याच्या रस्त्याने थोडं पुढे गेलं की चौकोन. लहान लहान, एकमेकांना लागून. एक तांबूस, एक करडा, एक पांढरा.

मी लॅपटॉप उचलून आईपुढे ठेवला. "हे काय आहे सांग."

आईने चष्मा वर केला, खाली केला. "आगर हाय की. कोनाचा?"

"मेक्सिकोतलं. आम्ही जातोय तिथलं."

ती वाकून पडद्याजवळ गेली. मग तिने पडद्यावर बोट ठेवलं, त्या तांबूस चौकोनावर, आणि म्हणाली, "ह्यात दोन दिसांत मीठ परल." फोटो कधीचा होता कोण जाणे. मग ती म्हणाली, "मना मूठभर आन. त्यांचं कसा लागतंय बघू."

बाबा गेल्यापासून आईने माझ्याकडे काही मागितलेलं मला आठवत नाही. साडी नको, औषध आहे, फळं कशाला आणलीस. म्हणून मी ते यादीत सगळ्यांत वर लिहिलं.

बोट बंदराला लागली तशी पहिली कुरकुर मानसीची. "आई, बोटीची टूर घे ना. सगळे तीच घेतात."

"बोटीची टूर म्हणजे बस, दुकान, बस. मला दुकान नको आहे."

"मग मी येते बरोबर."

"तू ओकतेयस कालपासून. झोप. तुझ्या बाबांचे गुडघे बघ."

"फोनमध्ये भाषांतराचं घेतलंयस का? तिकडे नेट नसेल तुझं."

"मला मीठ आणायचंय, भाषण करायचं नाहीये."

तिने डोळे फिरवले. आमच्या यांनी वर्तमानपत्र नसल्यामुळे बोटीचंच माहितीपत्रक वाचायला घेतलं होतं, त्यातून मान वर न करता म्हणाले, "पाचच्या आत ये. तुझ्यासाठी बोट थांबायची नाही, आणि मी उडी मारणार नाही."

प्रोग्रेसोचा धक्का समुद्रात इतका लांब गेलेला आहे की बोटीतून उतरल्यावर गावात पोचायलाही बस लागते. गाव लागलं आणि मला घरीच आल्यासारखं झालं, हे सांगायला आता मला कसंतरी होतं. बुटकी घरं, उडालेले रंग, दारात खुर्ची टाकून बसलेल्या म्हाताऱ्या. बाजारात एका टोपलीत चिकू होते. आमचे डहाणू-बोर्डीचे वाटावेत असे, वरून खरखरीत. सीताफळं होती, पेरू होते. एक बाई तव्यावर मक्याची पातळ भाकरी टाकत होती आणि बोटांनीच उलटत होती, आईसारखी, कालथा न घेता. मी एक चिकू घेतला, तिथेच फोडून खाल्ला, आणि जंतुनाशकाची बाटली काढून हात चोळले. प्रवासात मी ती बाटली गळ्यातल्या पिशवीत ठेवते. चिकूचा चिकट गोडवा गेला आणि हाताला हॉस्पिटलचा वास आला.

किनाऱ्याच्या रस्त्याने आपल्या शेअर रिक्षांसारख्या व्हॅन जातात. ड्रायव्हरला मी नकाशातला चौकोन दाखवला. त्याने मान हलवली, जागा दाखवली, आणि मला उतरवताना घड्याळावर बोट फिरवून, मी परत येताना हॉर्न वाजवतो, असं खुणेने सांगितलं. त्याची भाषा मला येत नव्हती, पण ते सगळं कळलं. त्यामुळे मला वाटायला लागलं की भाषेवाचून आपलं काही अडत नाही.

आणि मग तो वास आला. कुजलेली पानं, चिखल, तापलेलं खारं पाणी, अंड्याची रेघ. पृथ्वीच्या दुसऱ्या बाजूला. मी रस्त्याच्या कडेला उभी राहिले आणि माझे डोळे भरले, आणि मी गॉगल घातला. बांध तसाच. तिवरं जराशी वेगळी, पण मुळं तशीच चिखलातून वर आलेली. वाफे गुलाबी. दूरवर पाण्यात लांब पायांचे गुलाबी पक्षी, ते आपल्याकडेही येतात हल्ली. आणि एका वाफ्यात गुडघ्याएवढ्या पाण्यात उभी एक बाई, डोक्याला फडकं, वरून मोठी टोपी, मीठ काठाकडे ओढत होती. बांगड्या घासल्याचा तो आवाज.

मी पायांतले बूट काढायला हवे होते. आगरावर बूट घालून कोणी जात नाही. ते मला बांधावर अर्धं अंतर गेल्यावर आठवलं, आणि मग मी काढले नाहीत.

बाई माझ्या वयाची असावी, किंवा आगरावरची आमची आई मला आठवते त्या वयाची. तिने मला पाहिलं, हसली. मी मिठाकडे बोट दाखवलं, माझ्याकडे दाखवलं, मूठ करून दाखवली. तिला कळलं. तिने वाकून ताज्या ओढलेल्या राशीतून मूठ भरली, पाणी निथळू दिलं, आणि बांधावर येऊन माझ्यासमोर हात धरला. "प्रुएबे," ती म्हणाली. पुन्हा म्हणाली, "प्रुएबे." मी हात पुढे केला. तिची मूठ माझ्या हातावर आली. नखांत काळी माती, अंगठ्याला चीर, त्या चिरेत पांढरं काहीतरी साचलेलं. तिने मूठ उघडली.

आणि माझा हात मागे आला.

मीठ खाली पडलं. थोडं तिच्या पायांवर, बाकीचं बांधावरच्या मातीत.

या ठिकाणी थांबून मला एका दाराची गोष्ट सांगायला हवी.

आगरावरचं मीठ आई पाटीत भरून ठाण्यात विकायला न्यायची. सुट्टीत मी बरोबर, माप घेऊन. एक पत्र्याचा डबा होता, तेच माप. जुन्या दुमजली बिल्डिंगी होत्या, दारापुढे रांगोळ्या, आत फोडणीचा वास, कुठे तरी पेटीवर सूर लावणारी मुलगी. आईची हाक वेगळीच असायची तिथे. आगरावर ती खच्चून ओरडायची, इथे "मीठ घ्याऽ" असं, कोणाची झोप मोडू नये इतपत. तळमजल्यावर एक काकू राहायच्या. गोऱ्या, टापटिपीच्या, केसांत एक छोटं फूल. त्या बोलायला चांगल्या होत्या. पाणी विचारायच्या, मी कितवीत आहे ते विचारायच्या. पण आईने एकदा मापातलं वर आलेलं मूठभर मीठ त्यांच्या पुढे केलं, बघा किती शुभ्र आहे म्हणून, तर त्यांनी हात पाठीमागे नेला. पटकन. "हातात नको गं, मीठ हातात देत नाहीत. तिथे ठेव." उंबऱ्याबाहेर एक ताट सरकवलं. आईने मीठ ताटात ठेवलं. तिचा हात क्षणभर तसाच उघडा राहिला होता, ते मी पाहिलं होतं. मी तिच्या कोपराच्या उंचीची होते, माझ्या डोळ्यांसमोरच होता तो.

रस्त्याला लागल्यावर मी विचारलं, "त्यांनी हात का मागं घेतला?"

"मीठ हातात देत नसतात बाय. भांडन होतं."

पुढे उन्हाळ्यात काकूंनी त्यांच्या मुलीची मागच्या वर्षीची पुस्तकं मला दिली. कव्हरं घातलेली, स्वच्छ. तीही त्यांनी उंबऱ्यावर ठेवली आणि मागे सरकल्या. मी उचलून घेतली. त्या पुस्तकांना चंदनाच्या साबणाचा वास होता, वर्षभर टिकला.

"पुस्तकं पन हातात देत नसतात?" मी आईला विचारलं.

आईने डोक्यावरची चुंबळ सारखी केली आणि चालायला लागली.

मी त्या काकूंवर मनात जितका राग धरला तितका कोणावर धरला नसेल. आणि तरी, कसं झालं कोण जाणे, मीठ हातात न देण्याची ती रीत मी उचलली. लग्न झालं तशी माझ्या स्वयंपाकघराची ती पक्की रीत झाली. शेजारणीने मीठ मागितलं तर वाटी खाली ठेवायची. मानसीलाही मीच शिकवलं. ती आज ह्यूस्टनच्या डायनिंग टेबलावर मिठाची बाटली समोरच्याच्या हातात न देता त्याच्यापुढे टेकवते, आणि तिचा नवरा दर वेळी हसतो.

तर त्या बांधावर माझा हात मागे आला तो या रीतीमुळे. मी स्वतःला तेच सांगितलं. तिथल्या तिथे सांगितलं, नंतर व्हॅनमध्ये सांगितलं, बोटीवर सांगितलं. पण माझी नजर कुठे होती ते मला माहीत आहे. नखांवर होती. त्या चिरेवर होती. आणि हाताला अजून जंतुनाशकाचा वास होता. रीत आधी आली की नजर आधी, हे मी आजवर ठरवू शकलेले नाही.

बाई हसायची थांबली. रागावली वगैरे नाही. तिने फक्त स्वतःच्या हाताकडे बघितलं, उलटासुलटा करून, त्याला काय लागलंय ते शोधत असल्यासारखं. मग फडक्याला पुसला. मी "नो, नो" म्हणाले, "सॉरी" म्हणाले, छातीवर हात ठेवला, आभाळाकडे दाखवलं, दोन मुठी एकमेकींवर आपटून भांडण दाखवलं. ते बघून ती एक पाऊल मागे सरली. आमच्यात मीठ हातात देत नाहीत, कारण भांडण होतं, हे हातवाऱ्यांनी सांगायला निघालेली मी पहिलीच असेन.

मग मी खाली बसले आणि मीठ वेचायला लागले. सांडलेलं मीठ मेल्यावर पापण्यांनी वेचावं लागतं, असं आम्हांला लहानपणी सांगायचे. मी ते बोटांनी वेचलं, खडा खडा, मातीसकट, आणि पिशवीत भरलं. बाई वरून बघत होती. एकदा तिने वाकून माझ्या खांद्याला हलकेच हात लावला आणि राशीकडे दाखवलं, की तिथे आहे की एवढं, खालचं कशाला घेतेस. तेही मला कळलं. मला मान वर करता येत नव्हती. मी वेचत राहिले. रस्त्यावर हॉर्न वाजला. मी उठले तेव्हा ती वाफ्यात परत गेली होती, पाठमोरी, आणि मीठ ओढल्याचा आवाज सुरू झाला होता.

धक्क्यावर रांग होती. बोटीत शिरताना दाराशी एक हसतमुख मुलगा उभा असतो, प्रत्येकाच्या हातावर जंतुनाशक फवारतो. माझी पाळी आली आणि माझा हात आपोआप पुढे गेला. तळवा वर, बोटं जुळलेली. अजिबात अडखळला नाही.

रात्री जेवताना मी मानसीला विचारलं, "प्रुएबे म्हणजे काय गं?"

"चाखून बघा. का?"

"सहज."

परवा रविवारी दुपारी मी पिशवी काढली. आई बाल्कनीच्या दाराशी सुका जवळा निवडत बसली होती. सुपात गुलाबी ढीग, कचरा एका बाजूला. भरती होती, वास येत होता. मी तिच्यासमोर पिशवी ठेवली. खाली, चटईवर.

"उघरली काय बॅग?" आई म्हणाली.

"उघडली."

तिने पिशवी उजेडात धरली. "माती बरीच हाय."

मग मी सांगितलं. सगळं, वरच्यासारखंच, फक्त थोडक्यात. आई जवळा निवडत ऐकत होती. मी थांबले तेव्हा तिने विचारलं, "मंग तिनं काय केलं?"

"काही नाही. हाताकडे बघत राहिली."

"मी पन बघतच राह्याची," आई म्हणाली, आणि एक काडी वेचून बाजूला टाकली.

मला वाटलं, तिने काहीतरी बोलावं. रागवावं. मीच म्हणाले, "आई, खरंच सांगते, आपल्यात मीठ हातात देत नाहीत ना, म्हणून हात मागे आला."

आईने सूप खाली ठेवलं. "आपल्यात म्हंजे कुनात गो?"

"आपल्यात. तूच सांगितलेलंस."

"मी तुना दारावर सांगलं, त्या बाईचं. आगरावर कवा व्हती ती रीत? पैलं मीठ तुझे बाबा कशात देयाचे? ताटलीत?"

आणि मला बाबांचा हात दिसला. इतकी वर्षं मला नारळ आठवत होता, कडू चव आठवत होती, भावाचं रडणं आठवत होतं. हात आठवत नव्हता. बाबा रांगेने सगळ्यांसमोरून जायचे, ओल्या मुठीतून एकेकाच्या हातावर मीठ सोडत. माझी पाळी आली की म्हणायचे, "हात कर बाय, दोनी." मी दोन्ही हातांची ओंजळ करायची, आणि त्यांची बोटं माझ्या ओंजळीत टेकायची, थंडगार, खरखरीत, नखांत काळी माती. मीठ कोंबून भरायचे, सांडू नये म्हणून माझी बोटं स्वतःच्या हाताने मिटायचे.

मी जे घेऊन चालले होते, घरी आणलं होतं, लेकीला शिकवलं होतं, ते त्या उंबऱ्यावरचं होतं. पुस्तकांबरोबर तेही उचललं होतं मी.

"मी त्या काकूंसारखं केलं, आई."

आईने नाही म्हटलं नाही. मला वाटलं होतं, ती म्हणेल. ती पिशवीची झिप उघडायला बघत होती, तिच्या बोटांना ती सापडेना. मी उघडून दिली. तिने आत हात घालून चिमूट नाही, चांगली मूठ भरली, आणि म्हणाली, "हात कर."

मी ओंजळ केली. आईने तिच्यात मीठ सोडलं. तिची बोटं माझ्या तळव्याला लागली. आता मऊ पडली आहेत, कातडी कागदासारखी, पण अंगठ्यावरच्या जुन्या चिरेची रेघ अजून आहे.

"भांडण होईल," मी म्हणाले. काहीतरी म्हणायचं म्हणून.

"होऊ दे. म्हयनाभर खोटं बोलतेस, त्यापरीस भांड." मग तिने आपला हात पुढे केला. "आता मना दे."

मी माझ्या ओंजळीतलं थोडं तिच्या हातावर सोडलं. तिने एक खडा उचलून जिभेवर ठेवला. माती लागलेला होता, दातांखाली करकरला, मला ऐकू आलं. तिने डोळे मिटून घेतले आणि बराच वेळ तो चघळला. मीही एक खडा तोंडात टाकला. खारट, आणि मागून कडू. आपल्यासारखाच.

"गोड हाय," आई म्हणाली.

तिने माझ्याकडे बघितलं. माझी पाळी होती. मी खडा जिभेवरून फिरवत राहिले. 'गोड' हा शब्द मी भलत्या ठिकाणी बोलणार होते. ज्या बांधावर तो बोलायचा होता, तिथे एक बाई ओली मूठ पुढे करून उभी राहिली होती, दोनदा म्हणाली होती चाखून बघा म्हणून, आणि तिला एवढंच ऐकायचं होतं.

"बोल गो," आई म्हणाली. "कडू हाय म्हनू नये."